अनंताला न पोहोचणारी लेन्स: एका फोकस-दोषाचा माग

हातानं फोकस करायची एक जुनी ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स. माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा भाग, एम४२ जातीचं, आट्यांवर फिरवून बसवायचं. ॲडॅप्टर लावून ती फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यावर वापरली जात होती. आतलं ग्रीस सुकून फोकस रिंग जड झाली, म्हणून एका हौशी हातानं ती उघडली, आटे धुतले, नवं ग्रीस लावलं आणि परत जोडली. रिंग हलकी, एकसारखी फिरू लागली. पण दूरचं काहीच रेखीव येईना. रिंग अनंताच्या खुणेवर टेकवली तरी लांबचे मनोरे, झाडं, क्षितिज सगळं धूसर. याउलट जवळची वस्तू आता आधीपेक्षाही जवळून टिपता येत होती. लेन्सच्या मालकांनी विचारलं, “जवळचं तर पूर्वीपेक्षा चांगलं येतंय, मग बिघडलंय नेमकं काय?”

दूरचं गेलं आणि जवळचं वाढलं, याचा अर्थ भिंगांचा सगळा संच सेन्सरपासून हवा त्यापेक्षा पुढे उभा आहे. इथवर कुणाचं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो यापुढे. कुणी म्हणतं ॲडॅप्टर जाड आहे. कुणी म्हणतं स्केलची, म्हणजे अंतराच्या खुणांची, रिंग घसरलीय, तीन स्क्रू सैल करा आणि फिरवा. कुणाला वाटतं भिंगांचा ठोकळा नीट बसलेला नाही. लक्षण तिन्हींत एकच दिसतं, त्यामुळे प्रत्येकाचं म्हणणं पटतं आणि जो आधी स्क्रूड्रायव्हर उचलतो त्याचं खरं ठरतं. माझं म्हणणं असं, की लेन्स उघडण्याआधी नुसती फोकस रिंग आणि मोजपट्टी घेऊन दोष कुठे आहे ते जवळजवळ ठरवता येतं. चूक किती मिलिमीटरची आहे आणि वस्तूचं अंतर बदललं की ती कशी वागते, या दोन गोष्टी मोजल्या की संशयितांची यादी झपाट्यानं आखडते.

फोकस करताना भिंगं किती हलतात

या लेन्समध्ये भिंगांचा पूर्ण संच एकत्र पुढे-मागे सरकतो. आतली भिंगं एकमेकांपासून हलत नाहीत. फोकस करण्याची ही सगळ्यात सरळ पद्धत, आणि हिशेबालाही सोपी. वस्तू अनंतावर असेल तेव्हा संच सर्वात मागे असतो. वस्तू जवळ येते तसा तो पुढे सरकतो. किती पुढे, ते नाभीय अंतराच्या (या लेन्सचं ५० मि.मी.) वर्गाला वस्तूच्या अंतरानं भागून ढोबळमानानं मिळतं. नेमकेपणासाठी त्या अंतरातून नाभीय अंतर आधी वजा करावं लागतं, आणि लेन्सवरच्या खुणा सेन्सरपासून मोजलेल्या असतात हेही धरावं लागतं.

तसा हिशेब केला तर ५० मि.मी.च्या लेन्सला १० मीटरवर फोकस करायला अनंताच्या जागेपासून फक्त ०.२५ मि.मी. पुढे यावं लागतं. ३ मीटरला ०.८६, १ मीटरला २.७९, आणि या लेन्सच्या किमान अंतराला, म्हणजे ०.४५ मीटरला, सुमारे ७.३ मि.मी. हे आकडे मी लेन्स हातात घेण्याआधीच कागदावर मांडतो, कारण पुढचं सगळं निदान त्यांच्यावर उभं राहतं.

आता सूट किती? फिल्मच्या काळात ३५ मि.मी. चौकटीसाठी ०.०३ मि.मी. व्यासाचा अस्पष्टतेचा ठिपका चालवून घेत. एफ/१.८ वर याचा अर्थ संचाची जागा दोन्ही बाजूंना ०.०५४ मि.मी. चुकली तरी खपायची. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मि.मी.चा असतो. तिथे पडद्यावर पूर्ण मोठं करून पाहणाऱ्या माणसाला ०.०११ मि.मी.ची चूकही दिसू लागते. जुन्या लेन्सवर “आधी बरी होती, नव्या कॅमेऱ्यावर बिघडली” अशी तक्रार पुष्कळदा येते. अशा वेळी लेन्स होती तशीच असते, मोजणारा डोळा पाचपट कडक झालेला असतो. मात्र या प्रकरणात तसं म्हणून सुटण्यासारखं नव्हतं. मालकांकडे याच कॅमेऱ्यावर, याच ॲडॅप्टरनं आधी काढलेले स्पष्ट फोटो होते.

दुहेरी हेलिकॉइड

बोटानं रिंग गोल फिरते आणि भिंगं सरळ रेषेत सरकतात, हे घडवून आणतं ते हेलिकॉइड. रुंद, खोल आट्यांच्या नळ्या एकात एक बसवलेल्या. या लेन्समध्ये तीन नळ्या आहेत: सर्वात बाहेरची माउंटला घट्ट धरलेली, सर्वात आतली भिंगांचा संच धरणारी, आणि दोघींच्या मधली फिरणारी. मधल्या नळीला बाहेरून एका दिशेचे आटे आणि आतून उलट दिशेचे. ती फिरवली की ती स्वतः माउंटपासून पुढे सरकते, आणि त्याच वेळी आतल्या नळीला आपल्यापासून आणखी पुढे ढकलते. आतली नळी स्वतःभोवती फिरू नये म्हणून मागच्या बाजूनं दोन पितळी पट्ट्या तिच्या उभ्या खाचांत शिरलेल्या असतात. या पट्ट्यांमुळेच गोल चालीची सरळ चाल होते. त्या खाचांत सैल झाल्या तर रिंगची दिशा बदलताना चित्र किंचित उडी मारतं.

या लेन्सची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २०० अंश फिरते आणि तेवढ्यात संच ७.३ मि.मी. चालतो. म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला सुमारे १३ मि.मी., त्यातले निम्मे बाहेरच्या आट्यांतून आणि निम्मे आतल्या. एका फेऱ्यात साडेसहा मि.मी. नेणारा एकच आटा कापला तर नळीच्या आखूड लांबीत त्याची पकड कमी पडेल. म्हणून एकाच नळीवर शेजारी शेजारी अनेक आटे सुरू करतात. इथे प्रत्येक जोडीत पाच आहेत. लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर त्यामुळे साधारण १.३ मि.मी. येतं. हा आकडा लक्षात ठेवावा.

अशा अनेक तोंडांच्या, म्हणजे अनेक जागी सुरू होणाऱ्या, आट्यांचा फायदा मोठा, पण दुरुस्ती करणाऱ्यासाठी त्यात एक सापळा आहे. साधा बोल्ट नटात एकाच जागी धरतो. पाच तोंडांची नळी पाच जागी धरते, पाचही ठिकाणी तितक्याच मऊपणे फिरते, आणि त्यातली बरोबर जागा एकच असते. चुकीच्या जागी बसवली तर हाताला काहीही वेगळं जाणवत नाही.

याच आकड्यांतून रिंगच्या नाजूकपणाचाही अंदाज येतो. ०.०११ मि.मी. म्हणजे रिंगचा जेमतेम ०.३ अंश. रिंगचा व्यास ६ सें.मी. धरला तर बोटाखाली दीड दशांश मिलिमीटर. एवढी बारीक हालचाल बोटाला जमते ती ग्रीसच्या चिकट विरोधामुळे. पातळ तेल घातलेली रिंग हलकी फिरते खरी, पण ती हव्या जागेच्या पुढे घसरते, आणि ते तेल पुढे ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांपर्यंत झिरपतं ते वेगळंच. तसंच ३ मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं जग या रिंगच्या २४ अंशांत मावतं आणि १ मीटर ते ०.४५ मीटर एवढ्या छोट्या पट्ट्याला १२४ अंश मिळतात. दूरच्या टोकाला चूक लगेच डोळ्यांत भरते ती यामुळे.

चार खुणा, चार मोजमापं

कॅमेरा तिपाईवर. ॲपर्चर पूर्ण उघडं. रिंग एका खुणेवर स्थिर ठेवायची आणि बारीक छपाईचा कागद पुढे-मागे सरकवत, पडद्यावर चित्र मोठं करून, तो सर्वात रेखीव कुठे दिसतो ते शोधायचं. फोकस पीकिंगच्या, म्हणजे रेखीव भागावर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत कडांवर इथे भिस्त ठेवता येत नाही, त्या फार रुंद पट्ट्यात चमकतात. अंतर मोजायचं ते कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेपासून. सेन्सर त्या रेघेच्या पातळीत असतो.

हाती आलं ते असं. अनंताच्या खुणेवर लेन्स प्रत्यक्षात २.०८ मीटरवर फोकस करत होती. ३ मीटरच्या खुणेवर १.२८ मीटर. १ मीटरच्या खुणेवर ०.७२. आणि ०.४५ च्या टोकाला ०.४०.

अंतरांची यादी नुसती वाचली तर चूक दूरच्या बाजूला प्रचंड आणि जवळच्या बाजूला किरकोळ वाटते. अनंत आणि २ मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि ४५ व ४० सेंटिमीटर यांत पाचच सेंटिमीटरचा. इथेच बहुतेक जण फसतात आणि “अनंताच्या टोकाला काहीतरी अडतंय” असा निष्कर्ष काढतात. पण ही अंतरं भिंगांच्या सरकण्यात बदलून पाहावीत. २.०८ मीटरसाठी संच १.२६ मि.मी. पुढे हवा, अनंताला शून्य हवा होता. फरक १.२६. १.२८ मीटर आणि ३ मीटर यांतला फरक १.२६. ०.७२ आणि १ मीटर यांतला १.२७. ०.४० आणि ०.४५ यांतला १.२८. हातातल्या मोजपट्टीची अचूकता पाहता हे चारही आकडे एकच आहेत.

संपूर्ण चालीत चूक एकसारखी होती. संच सगळीकडे सव्वा मिलिमीटरच्या आसपास पुढे उभा होता. मालकांच्या प्रश्नाचं उत्तरही हेच: जवळचं जे जास्त मिळालं ते दूरचं गमावूनच मिळालं. पट्टा तेवढाच, फक्त सरकलेला.

एवढ्यानं काय काय बाद होतं ते पाहण्यासारखं आहे. भिंगांचा पुढचा गट नीट घट्ट झाला नसता, म्हणजे आतल्या भिंगांमधलं अंतर बदललं असतं, तर नाभीय अंतरच बदललं असतं. तेव्हा फरक एकसारखा न राहता जवळच्या टोकाकडे बदलत गेला असता. शिवाय अशी लेन्स कुठल्याच अंतरावर पूर्वीसारखी रेखीव राहत नाही. ही मात्र आपल्या चुकीच्या दोन मीटरवर सुरेख चित्र देत होती, कोपऱ्यांसकट. म्हणजे भिंगांना धक्का लागलेला नाही. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत फक्त सर्वात पुढचं भिंग फिरवून फोकस करायची पद्धत होती. तिथे भिंगांमधलं अंतर बदलणं हीच फोकसची रीत, आणि तिथे हे निदान याच शब्दांत चालणार नाही.

पुढची चाचणी दिशेची. एकदा जवळून दूरकडे आणि एकदा दूरून जवळकडे फिरवत त्याच कागदावर फोकस केला. रिंग दोन्ही वेळा एकाच जागी थांबली. पितळी पट्ट्या किंवा आटे झिजले असते तर दोन दिशांना दोन वेगळ्या जागा मिळाल्या असत्या. मग डाव्या-उजव्या कडा तपासल्या, कारण माउंट किंवा संच तिरका बसला असेल तर एक कड पुढच्या पातळीवर आणि दुसरी मागच्या पातळीवर रेखीव होते. उजवी कड किंचित मऊ वाटली. तिची नोंद करून ठेवली, ती मुख्य दोषाच्या मानानं फार लहान होती.

हाच विचार स्वयंचलित फोकसलाही लागू पडतो, म्हणून जरा विषयांतर करतो. आरशाच्या डिजिटल एसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. त्याच्यापर्यंतचा प्रकाशाचा मार्ग आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचा मार्ग यांत शतांशाचा फरक पडला तरी फोकस दर वेळी तेवढाच पुढे किंवा मागे पडतो. अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी बारीक दुरुस्तीची सोय दिलेली असते. पण ती एक ठरावीक आकडा मिळवते किंवा वजा करते, त्यामुळे सगळीकडे सारखी असलेली चूकच ती पुसू शकते. एका अंतरावर बसवलेली दुरुस्ती दुसऱ्या अंतरावर उलटत असेल, तर दोष निराळ्या जातीचा आहे आणि मेनूमध्ये तो सुटणार नाही. मिररलेसमध्ये चित्राचा सेन्सरच फोकस मोजतो, म्हणून दोन मार्गांमधल्या फरकाचा हा प्रकार तिथे उरत नाही.

एकसारखी चूक, पण कुणाची?

आता उरले ते सगळे एकसारखी चूक देणारेच संशयित. त्यांना वेगळं करतो तो चुकीचा आकार.

ॲडॅप्टर आधी घेतला, कारण तो तपासायला काही उघडावं लागत नाही. एम४२ लेन्सचं माउंट फिल्मपासून ४५.४६ मि.मी.वर असतं. हा कॅमेरा ई माउंटचा, त्याचं अंतर १८ मि.मी. तेव्हा ॲडॅप्टरची जाडी २७.४६ हवी. मायक्रोमीटरनं चार जागी मोजली: २७.४० ते २७.४३. म्हणजे तो जाड तर नाहीच, उलट सरासरीनं पाच शतांश पातळ आहे. यात नवल नाही. स्वस्त ॲडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ ठेवतात, जेणेकरून कुठल्याही लेन्सला अनंत गाठता यावा. त्यामुळे लेन्स अनंताच्याही पुढे जाते आणि खुणा खोट्या ठरतात, पण तशी तक्रार फारसं कुणी करत नाही. आपल्या दोषाची दिशा याच्या बरोबर विरुद्ध होती. ॲडॅप्टर निर्दोष सुटला, इतकंच नव्हे तर तो खरी चूक थोडी झाकत होता: १.२६ मध्ये त्याचे ०.०५ मिळवले की लेन्सची स्वतःची चूक १.३१ मि.मी. निघते.

भिंगांच्या ठोकळ्याखाली किंवा माउंटखाली असलेल्या शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या, शतांशांत आणि दशांशांत असतात. एखादी जास्तीची बसली तरी १.३ मि.मी. होत नाही. ठोकळा आट्यांवर पूर्ण बसला नसेल तर एवढं अंतर पडू शकतं, पण मग तो बोटानं हलला असता किंवा पुढच्या कड्यापाशी फट दिसली असती. तसं काही नव्हतं.

उरले दोन. स्केलची रिंग हेलिकॉइडच्या मधल्या नळीवर तीन बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी धरलेली असते आणि अनंताचा थांबा या स्केलच्या रिंगवर असतो. ती ३६ अंश चुकीची बसली तर बरोबर १.३१ मि.मी.ची चूक होईल. आणि हेलिकॉइड शेजारच्या आट्यात धरलं गेलं तर तीही चूक १.३. दोन्ही उत्तरं आकड्यात बसतात. तरीही माझा कौल आट्यांकडे होता. घसरलेली रिंग कुठल्याही कोनात थांबू शकते, ती नेमकी एका आट्याच्या पावलाइतकीच घसरेल हा फार मोठा योगायोग. पाच तोंडांच्या आट्यात मात्र चूक होते ती पूर्ण पावलानंच, तिला दुसरा पर्यायच नाही.

सोपा वाटणारा उपाय

या टप्प्यावर अनेक जण ग्रब स्क्रू सैल करतात, स्केलची रिंग जागेवर ठेवून आतली नळी अनंत दिसेपर्यंत फिरवतात आणि स्क्रू आवळून मोकळे होतात. कारण कुठलंही असो, चित्र तर बरोबर येईल, मग अडचण काय, असा हिशेब. मला हा मार्ग मान्य नाही, आणि त्यामागे ठोस यांत्रिक कारण आहे.

मधली नळी दोन्ही बाजूंच्या आट्यांत निम्मी-निम्मी चालते. संचाला १.३ मि.मी. मागे न्यायला ती ३६ अंश फिरवली तर ती स्वतःही ०.६५ मि.मी. मागे जाते. संच बरोबर जागी येतो, पण नळी चुकीच्या जागी. तिच्या मागे तेवढी जागा सोडलेली नसते. ती मागच्या कड्याला टेकते, बऱ्याचदा अनंत गाठण्याआधीच. गाठलाच तर रिंग शेवटच्या काही अंशांत घासते, पुढच्या बाजूला फट उघडी पडून तिथून धूळ आत जाते, आणि आट्यांची एकमेकांवरची पकड जिथे हवी तिथे कमी होते. एकाच फोकसला पोचण्याचे दोन मार्ग असले तरी यंत्रणा त्यातल्या एकाच मार्गासाठी कापलेली असते. इथे प्रयोग म्हणून स्क्रू सैल करून पाहिले तेव्हा तसंच झालं: अनंताच्या थोडं अलीकडे नळी टणक टेकली. निदान त्या क्षणी पक्कं झालं. स्केल नुसतं घसरलं असतं तर नळीला मागे जायला मोकळी वाट मिळाली असती.

आत काय सापडलं

माउंट, ॲपर्चरची जोडणी आणि पितळी पट्ट्या काढल्या. पट्ट्या काढताना कुठली पट्टी कुठल्या खाचेतली हे लिहून ठेवायचं, कारण त्या आपापल्या खाचेशी घासून जुळलेल्या असतात. आट्यांच्या जोड्याही कारखान्यात एकमेकींवर घासून जुळवतात, म्हणून एका लेन्सची नळी दुसऱ्या त्याच नमुन्याच्या लेन्सला बसली तरी चाल तशी येत नाही.

बाहेरच्या जोडीवर आधीच्या हातानं टोकदार सुईनं खूण केलेली सापडली. नळी आट्यांतून जिथे सुटते तिथे दोन्ही भागांवर एक-एक बारीक रेघ. बरोबर केलं होतं. आतल्या जोडीवर मात्र खूण नव्हती. ती नळी बहुधा पट्ट्या निघताच ग्रीस धुताना फिरत फिरत सुटून बाहेर आली असावी. परत बसवताना पट्टीच्या खाचा जुळल्या, आटा मऊ धरला गेला, रिंग फिरली, म्हणून बरोबर वाटलं.

मग सुटण्याची जागा शोधायची कशी? आतली नळी उलटी फिरवत बाहेर काढताना ती आट्यांतून ज्या कोनात सुटली तिथे खूण केली. नंतर ते तोंड सोडून लगतच्या तोंडात धरली आणि पट्ट्या तात्पुरत्या बसवल्या. उघडण्याआधी व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीनं, रिंग अनंतावर असताना, माउंटच्या पृष्ठापासून संचाच्या कडेची खोली मोजून ठेवली होती. आता तीच मोजली. संच १.३ मि.मी. मागे आला होता, आणि मधली नळी जिथे होती तिथेच होती. दुसऱ्या बाजूच्या तोंडात नळी धरली असती तर संच आणखी १.३ पुढे गेला असता, त्यामुळे गोंधळाला जागाच नव्हती.

स्केलची रिंग बसवताना मधल्या नळीवर ग्रब स्क्रूंच्या टोकांनी उमटलेले जुने खळगे स्पष्ट दिसत होते. त्यांच्यावरच स्क्रू धरले. कारखान्यातली मूळ जागा ती.

पाच शतांश ॲडॅप्टरचे

अनंताची बारीक जुळणी करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. लेन्स जुळवायची ती कशाच्या मापानं? समोरचा ॲडॅप्टर पातळ आहे. लेन्स त्याच्याशी जुळवली तर या कॅमेऱ्यावर खूण अचूक बसेल, पण दुसऱ्या, बरोबर जाडीच्या ॲडॅप्टरवर किंवा जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर ती अनंतापासून पाच शतांश अलीकडे अडेल. ५० मि.मी.च्या लेन्सला पाच शतांश म्हणजे फोकस ५० मीटरवर थांबणं. मला लेन्स तिच्या ४५.४६ च्या मापाला ठेवणं योग्य वाटतं आणि दुरुस्ती करायची ती ॲडॅप्टरची. त्यात माउंटच्या कड्याखाली ०.०५ मि.मी.ची शिम घातली. चारही जागी जाडी आता २७.४५ ते २७.४८ भरली.

अनंत किती दूर असतो

जुळणीसाठी समोरच्या इमारतीची खिडकी बहुतेक जण निवडतात. ती ५० मीटरवर असेल तर, वरच्याच हिशेबानं, खरा अनंत तिच्यापासून पाच शतांश मागे राहतो. फिल्मवर ती चूक चालवून घेण्याच्या मर्यादेच्या काठावर होती, आजच्या सेन्सरवर ती चारपटीहून जास्त आहे. सव्वादोनशे मीटरवर चूक ०.०११ वर येते. म्हणून लक्ष्य किमान किलोमीटरभर लांबचं घ्यावं, आणि हवा स्थिर असताना, नाहीतर तापलेल्या हवेची थरथर सगळं मऊ करून टाकते. रात्रीचा तारा सर्वात चांगला: मोठं करून पाहताना तो जिथे सर्वात लहान ठिपका होतो तीच जागा.

पूर्ण उघड्या ॲपर्चरवर अशा जुन्या वेगवान लेन्सच्या चित्रात ठिपक्यांभोवती किंचित धुकट वलय असतं, आणि ॲपर्चर बंद करत गेलं की उत्तम फोकसची जागा थोडी मागे सरकते. त्यामुळे एफ/१.८ वर जुळणी करून एफ/४ वरही दूरचं चित्र पाहून घेतलं.

खळग्यांच्या जागी जुळणी जवळजवळ बरोबर होती, फक्त ताऱ्याचा ठिपका थांब्याच्या केसभर अलीकडे सर्वात लहान होत होता. स्क्रू सैल करून रिंग तेवढी सरकवली. आवळताना तीनही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, कारण एक आधीच घट्ट केला तर रिंग त्याच्या बाजूला खेचली जाते आणि जुळणी हातची जाते. आवळून झाल्यावर तारा पुन्हा पाहायचा.

मालकांनी जाता जाता विचारलं, की त्यांची स्वयंचलित लेन्स अनंताच्या खुणेच्या पुढेही फिरते, मग हिला कडक थांबा का? ते दोन्ही बरोबर आहे. मोठ्या टेली लेन्समध्ये तापमानानं नळ्या आणि भिंगं प्रसरण पावून अनंताची जागा सरकते, म्हणून पुढे जागा ठेवतात. स्वयंचलित फोकसमध्ये सर्वात रेखीव जागा ओलांडून परत यायलाही मोटरला ती लागते. नव्या मिररलेस लेन्समध्ये तर बहुधा हेलिकॉइडच नसतं. हलका एक गट दांड्यांवर सरकतो, मोटर त्याला नेते, आणि बाहेरची रिंग किती फिरली एवढंच वायरवरून कळवते. ५० मि.मी.च्या या लेन्समध्ये तापमानाचा परिणाम लहान आणि अंतर गाठणारं बोट आपलंच, म्हणून थांबा अचूक जागी असणंच सोयीचं.

अखेरची मोजमापं: अनंताच्या थांब्यावर तारा रेखीव. १ मीटरच्या खुणेवर फोकस सेंटिमीटरच्या आत. किमान अंतर परत ०.४५ मीटर, म्हणजे मालकांना मिळालेले जवळचे पाच सेंटिमीटर गेले. उजव्या कडेचा मऊपणा एफ/१.८ वर अजून शोधला तर दिसतो. त्याच ॲडॅप्टरवर दुसरी लेन्स लावली तेव्हाही तो त्याच बाजूला आला, म्हणजे तो ॲडॅप्टरच्या तीन शतांशांच्या तिरकेपणाचा आहे. सेन्सरच्या रुंदीत तो कडेला एक शतांशही भरत नाही आणि एफ/२.८ वर दिसेनासा होतो, म्हणून ॲडॅप्टरचं पृष्ठ घासायला घेतलं नाही.